पंधरा नावांच्या अलीकडे

११ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताचा संघ ऑस्ट्रेलियाकडून ७९ धावांनी हरला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये जो वाद सुरू झाला तो पुरता मिटला असे आजही म्हणवत नाही. बीडच्या सचिन धसने उपांत्य सामन्यात ४ बाद ३२ अशा अवस्थेतून ९६ धावा करून संघ बाहेर काढला होता. मग त्याला स्पर्धेच्या आरंभापासून वरचा क्रमांक का दिला नाही, असा एकाचा सवाल. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने अमेरिकेविरुद्ध शतक काढले असले तरी सलामीला दुसरा कोणी हवा होता, असे दुसऱ्याचे मत. एक फिरकी गोलंदाज जास्त की एक वेगवान जास्त, ह्यावर तर भूगोल आणि वाणिज्य अशा दोन विभागांत उघड फळी पडली. आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. आधी ऐकत राहिलो, मग बोललो, आणि बोलल्यावर आम्हांला सांगण्यात आले की साहित्यवाल्यांनी साहित्यापुरते बोलावे.

हा लेख त्या सल्ल्याला दिलेले उत्तर आहे असे समजावे.

आमचा आक्षेप वाद घालण्याला नाही. अकरा जण कोण असावेत ह्यावर भांडणे हा ह्या देशातील लोकांना सहज उपलब्ध असलेला समीक्षाव्यवहार आहे, आणि तो पुष्कळदा आमच्या चर्चासत्रांपेक्षा अधिक जिवंत असतो. त्यात पुरावे दिले जातात, मागचे डाव आठवून सांगितले जातात, मते बदलतातही. आक्षेप आहे तो हा वाद जिथून सुरू होतो त्या जागेला. पंधरा नावांची यादी जाहीर झाली की आपण जागे होतो. ती यादी हा निवडीचा आरंभ आहे असे धरून चालतो. वस्तुतः ती निवडीची शेवटची पायरी आहे. खरी निवड त्याआधी आठदहा वर्षे चाललेली असते, आणि तिच्यावर वाद घालणारा एकही आवाज आम्ही ह्या जिल्ह्यात तरी ऐकलेला नाही. एखाद्या काव्यसंग्रहाच्या संपादकाने अमुक कवीच्या तीन कविता घेतल्या आणि तमुकाच्या दोनच, ह्यावर आपण खल करावा, आणि ज्यांच्या वह्या संपादकापर्यंत पोचल्याच नाहीत त्यांचा विषयही निघू नये, तसे हे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही खोड ओळखता यायला हवी, कारण ती मूळची आपलीच आहे.

एक उदाहरण देतो. व्यक्तीचे नाव देत नाही, आणि चाचणी कोणी, कुठे घेतली तेही सांगत नाही. आमची तक्रार एका संस्थेविरुद्ध नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात धडगावच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरचा विद्यार्थी होता. डावखुरा फिरकी गोलंदाज. मैदान म्हणजे कापणीनंतरचे शेत, आणि चेंडू टेनिसचा. तरी त्याचा चेंडू असा काही वळत असे की आमच्या महाविद्यालयातले शहरी फलंदाज त्याला टाळू पाहत. त्याला आम्हीच पदरचे भाडे देऊन निवड चाचणीला पाठवले. रात्रभर एस.टी.चा प्रवास, सकाळी चाचणी, संध्याकाळी परतीची गाडी. तिसऱ्या दिवशी तो वर्गात येऊन बसला. तास संपल्यावर विचारले, तर म्हणाला, "सर, सहा चेंडू मिळाले. सीझन बॉल पहिल्यांदाच हातात घेतला होता, शिवण बोटाला टोचत होती. पहिला वाईड गेला. सहाव्याला जरा वळायला लागला, तोवर पुढच्याचं नाव पुकारलं." आम्ही काही तरी धीराचे बोललो असू. त्यावर तो जे म्हणाला ते आम्ही विसरलो नाही. "तिथले एक सर म्हणाले, तू धावण्यात जा, तुम्हा लोकांचा दम चांगला असतो."

त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता हे आम्हांला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ते वाक्य अधिक तपासण्याजोगे आहे. सहा चेंडूंत मुलाची गोलंदाजी त्यांना दिसली नाही. पण त्याचा दम दिसला. तो तर त्या दिवशी वीस पावलेही धावला नव्हता. मग दिसले काय? आडनाव दिसले, आणि आडनावामागे एक तयार कथा दिसली. सातपुड्यातला मुलगा म्हणजे काटक, डोंगर चढणारा, अनवाणी धावणारा. ह्या कथेत तो कधी विचार करीत नाही. फिरकी गोलंदाजी हा तर निव्वळ विचार आहे. फलंदाजाला चार चेंडू एक गोष्ट सांगायची आणि पाचव्याला दुसरी. ती त्याच्या वाट्याला कशी यावी?

वृत्तपत्रांची भाषा पाहा. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत लांब पल्ल्याची धावपटू झाली, तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हटले गेले. आमच्या शेजारच्या डांगमधील सरिता गायकवाड २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ४ गुणिले ४०० मीटर रिले जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती; तिची झाली 'डांग एक्सप्रेस'. दोघींच्या कर्तृत्वाबद्दल आम्हांला नितांत आदर आहे. प्रश्न रूपकाचा आहे. एक्सप्रेस गाडी धावते, पण आपला मार्ग ठरवत नाही. रूळ कोणी तरी आधीच टाकलेले असतात. वर्षानुवर्षांचा सराव, पायांच्या दुखापती, शर्यतीच्या कोणत्या टप्प्यावर वेग राखायचा ह्याचे हिशेब, हे सगळे त्या शब्दात गडप होते आणि उरतो तो निसर्गाने दिलेला दम. आदिवासी खेळाडूचे यश हे त्याच्या भूप्रदेशाचे यश, आणि मुंबईच्या फलंदाजाचे यश मात्र त्याच्या तंत्राचे, ही वाटणी आपण इतक्या सहजपणे वाचतो की ती वाटणी आहे हेच लक्षात येत नाही.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद घेऊ. तो असा: काळ बदलला आहे. २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार जालन्याचा विजय झोल होता, ज्याने त्याआधी २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. २०२२ च्या विश्वविजेत्या संघात तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर होता. २०२४ मध्ये बीड आणि सोलापूर. म्हणजे गुणवत्ता असेल तर ती वाट काढतेच; नंदुरबारचा मुलगा नसेल तर तशी गुणवत्ता अजून निपजली नाही, एवढेच.

ह्या युक्तिवादातील तथ्ये खरी आहेत. निष्कर्ष मात्र उलट्या पायांनी चालणारा आहे. जो पोचला त्याच्याकडे पाहून वाट मोकळी आहे असे म्हणणे म्हणजे नदी पार केलेल्याला विचारून पुलाची गरज ठरवणे. सचिन धसच्या पाठीशी नोकरदार आईवडील होते, मुलाने क्रिकेटपटूच व्हावे ह्या एका हट्टाने झपाटलेला बाप होता, आणि अर्ध्याच खेळपट्टीवर का होईना, टर्फवर सराव करून घेणारा प्रशिक्षक होता. त्या कुटुंबाच्या जिद्दीला आमचा सलाम. पण एका कुटुंबाची जिद्द ही व्यवस्था नव्हे. व्यवस्था नसताना ती जिद्द लागली, हा व्यवस्थेवरचा अभियोग आहे. आपण मात्र तिचे प्रशस्तिपत्र करून भिंतीवर लावतो. 'छोट्या गावातून मोठ्या स्वप्नांकडे' ह्या ठशाचे लेख दर दोन वर्षांनी येतात, त्यांतली गावांची नावे तेवढी बदलतात, आणि प्रत्येक लेख वाचकाला हळूच सांगतो की काही करण्याची गरज नाही, सगळे आपोआप होते आहे.

नंदुरबारची स्थिती काय आहे? १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत आदिवासी सुमारे ६९ टक्के, आणि साक्षरतेत राज्यात सर्वांत खाली. क्रिकेटच्या नकाशात महाराष्ट्राचे तीन तुकडे आहेत: मुंबई, विदर्भ आणि उरलेला सगळा महाराष्ट्र. आम्ही ह्या उरलेल्यात मोडतो, ज्याचे केंद्र पुणे. मुंबईचा मुलगा लोकलचा पास काढून शालेय स्पर्धा, क्लब आणि चाचणी ह्या तिन्ही गोष्टी एका वर्षात करू शकतो. अक्कलकुव्याच्या मुलाला जिल्ह्याच्या गावी यायलाच अर्धा दिवस लागतो. तिथून पुढे आंतरजिल्हा सामने, मग राज्याचा संघ, मग विनू मांकड आणि कूचबिहार, मग कुठे राष्ट्रीय निवडकर्त्यांची नजर. ह्या प्रत्येक पायरीवर निवड होते, आणि त्यांतल्या एकाही पायरीवर स्टाफरूममध्ये वाद होत नाही.

जाता जाता एक कबुलीही द्यायला हवी. मुलींच्या एकोणीस वर्षांखालील संघाने २०२३ चा पहिलाच विश्वचषक जिंकला, २०२५ चा दुसराही जिंकला. दोन्ही वेळा आमच्या स्टाफरूममध्ये अंतिम अकरांवर चकार शब्द निघाला नाही. त्या वेळी गप्प बसणाऱ्यांत आम्हीही होतो.

आता वयाकडे येऊ, कारण कनिष्ठ संघांच्या निवडीतला सगळ्यांत अवघड प्रश्न तोच आहे आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोलले जाते. कनिष्ठ गट ही मुळात तारखेने घडवलेली वस्तू आहे. २०२४ च्या विश्वचषकासाठी १ सप्टेंबर २००४ किंवा त्यानंतरचा जन्म आवश्यक होता; ३१ ऑगस्टला जन्मलेला मुलगा बाहेर, एक दिवसाने धाकटा आत, आणि आतल्यांत तो सर्वांत थोरला. ह्या रेषेचे परिणाम पहिल्यांदा नीट दिसले ते क्रिकेटमध्ये नव्हे, कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत. तिथे वयोगटाची रेषा १ जानेवारी. रॉजर बार्न्सली ह्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की अव्वल कनिष्ठ संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते आणि शेवटच्या तीन महिन्यांतले विरळ होत जातात. लहान वयात आठदहा महिन्यांचा फरक अंगापिंडाने दिसतो. प्रशिक्षक थोराडपणाला गुणवत्ता समजतो. त्याला चांगले प्रशिक्षण, जास्त सामने मिळतात. आणि काही वर्षांनी तो खरोखरच अधिक चांगला खेळाडू झालेला असतो. म्हणजे निवडीने गुणवत्ता ओळखली असे वाटते तेव्हा पुष्कळदा निवडीने ती घडवलेली असते. मॅल्कम ग्लॅडवेल ह्यांच्या २००८ च्या पुस्तकामुळे ही गोष्ट जगभर गेली, पण आमच्याकडे ती 'कॅनडाची गंमत' म्हणूनच वाचली गेली.

आमच्या जिल्ह्यात ह्या गंमतीला वेगळेच रूप आहे. कोणत्याही महाविद्यालयाची जुनी प्रवेश-नोंदवही उघडा. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून. पानामागून पान. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतील एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जून आहे, कारण मूल शाळेत आणले तेव्हा आईला जन्म होळीच्या आधीचा की भाताच्या कापणीनंतरचा एवढेच आठवत होते, आणि जूनमध्ये वय पुरे भरलेले दाखवणे गुरुजींना सोयीचे होते. ही तारीख म्हणजे एका मुख्याध्यापकाने लिहिलेली एक ओळीची कथा आहे. तिच्यात फसवणुकीचा हेतू नव्हता. असलाच तर मूल शाळेत बसावे हा होता. आज जन्मनोंदणी पुष्कळ सुधारली आहे, तरी दुर्गम पाड्यांतली उशिराची नोंद अजूनही येतेच, आणि उशिराची नोंद दिसली की चाचणीच्या टेबलावरचा माणूस भुवई उंचावतो.

त्या भुवईलाही कारण आहे, हे आम्ही नाकारत नाही. वयचोरी हा कनिष्ठ क्रिकेटला लागलेला जुना रोग आहे. राहुल द्रविड ह्यांनी डिसेंबर २०१५ मधील पतौडी स्मृती व्याख्यानात त्यावर कठोर शब्दांत टीका केली होती. मंडळ सोळा वर्षांखालच्या गटात मनगटाची क्ष-किरण तपासणी करते. २०२० मध्ये चूक स्वतःहून कबूल करणाऱ्यांना माफी देणारी योजनाही आली. हे सगळे रास्त आहे. पण ज्याने जाणूनबुजून दोन वर्षे चोरली तो आणि ज्याला आपली जन्मतारीख कधी कळलीच नाही तो, हे दोघे एकाच संशयाच्या रांगेत उभे राहतात. ह्यातील विपरीत बाब अशी की शाळेत घालण्यासाठी ज्याचे वय वाढवून लिहिले गेले, तो कागदावर खऱ्यापेक्षा थोरला ठरतो आणि आपल्याहून मोठ्या मुलांशी झुंजत राहतो. त्याच्यावर झालेल्या ह्या अन्यायाला नाव नाही, कारण त्यात कोणी चोर नाही.

द्रविड ह्यांचे नाव निघालेच आहे तर आणखी एक सांगू. त्यांच्या काळात, २०१६ मध्ये, मंडळाने ठरवले की कोणत्याही खेळाडूने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक एकदाच खेळावा. तयार झालेला, जिंकून देणारा मुलगा दुसऱ्यांदा पात्र असला तरी बाजूला ठेवायचा आणि नव्याला संधी द्यायची. आमच्या मते भारतीय क्रीडाक्षेत्रातला हा अलीकडचा सर्वांत विचारी निर्णय आहे, कारण कनिष्ठ संघ म्हणजे लहान मापाचा वरिष्ठ संघ नव्हे, तो शिकण्याची जागा आहे, हे त्यात गृहीत आहे. आणि नेमके हेच गृहीतक आमच्या स्टाफरूममधल्या वादात नसते. तिथे सगळे तोलले जाते ते 'जिंकलो असतो की नसतो' ह्या एका काट्यावर. २०१२ च्या अंतिम सामन्यात नाबाद शतक काढून विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार उन्मुक्त चंद भारताच्या वरिष्ठ संघाकडून एकही सामना खेळला नाही. आणि २००० च्या विजेत्या कनिष्ठ संघात ज्याला जागा मिळाली नव्हती तो महेंद्रसिंग धोनी होता. तरीही ह्या वयातली यादी हा गुणवत्तेचा अंतिम निवाडा आहे अशा थाटात आपण बोलतो.

संघनिवडीचा वाद मुळात इतका निरुपद्रवी नव्हता, ह्याची आठवण साहित्याच्या आणि समाजेतिहासाच्या अभ्यासकांनी तरी ठेवावी. पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याच्या वाट्याला आले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत तर त्याला संघातूनच वगळले. कर्णधार पै आजारी पडले तेव्हा बाळूचा अनुभवी भाऊ विठ्ठल ह्याला डावलून सूत्रे दि. ब. देवधरांकडे दिली गेली. देवधर थोर फलंदाज होते ह्यात वाद नाही. ते पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक होते, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. विठ्ठल आणि शिवराम ह्या दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. मग लोकमताचा रेटा असा आला की अंतिम सामन्यासाठी बाळूला उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले आणि भाऊही परतले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला. शंभर वर्षांपूर्वी वृत्तपत्रांतून, सभांतून अकरा नावांवर भांडणारे लोक, मैदानाबाहेर कोणाला आणि का ठेवले जाते, ह्यावरच भांडत होते. क्रिकेट त्यांनाही कळत होते.

आमच्या स्टाफरूममध्ये हा दाखला आम्ही दिला तेव्हा उत्तर आले की ते वेगळे होते, बाळू तर सिद्ध झालेला खेळाडू होता. तुमचा धडगावचा मुलगा कुठे सिद्ध झाला आहे? ह्या उत्तराने आमचे म्हणणे आमच्यापेक्षा स्पष्टपणे मांडले. पुण्याच्या जिमखान्यात इंग्रज साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करण्याची नोकरी बाळूला मिळाली होती. तिथे तो हजारो चेंडू टाकू शकला, म्हणून सिद्ध झाला. आमच्या मुलाच्या हातात सहा चेंडू आले.

ह्याच जिल्ह्यातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे ह्यांची 'स्टेज' ही कविता आम्ही वर्गात आवर्जून घेतो. विद्यार्थ्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. समजावून सांगावी लागते ती आम्हांला, प्राध्यापकांना, आणि तीही दरवर्षी.

मागण्या फार मोठ्या नाहीत. चाचणीला येणाऱ्या दूरच्या मुलाला आदल्या दिवशी निवास आणि एक सराव-सत्र मिळावे, म्हणजे सीझन बॉल निदान चाचणीत पहिल्यांदा हाती येणार नाही. गोलंदाजाला किमान काही षटके द्यावीत; चार षटकांखाली फिरकी तपासता येते असे मानणाऱ्याने ती कधी खेळलेली नसावी. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी सुती मॅटची एक तरी खेळपट्टी असावी. निवडकर्त्यांनी वर्षातून एकदा नंदुरबार, तळोदा, नवापूर येथे यावे. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग नंदुरबारवरूनच जातो. गाडी इथे थांबते. आणि उशिराच्या जन्मनोंदीचा प्रश्न चाचणीच्या टेबलावर न सोडवता शाळेच्या पातळीवर, दोन वर्षे आधी सोडवावा, ह्यासाठी क्रीडाशिक्षकांबरोबर आम्हां भाषेच्या शिक्षकांनाही कामाला लावावे. अर्ज लिहिता येतो एवढी तरी आमची पात्रता आहे.

आमचा तो विद्यार्थी पदवी घेऊन आज एका आश्रमशाळेत शिकवतो. मध्यंतरी भेटला. शाळेत मुलांना काय खेळायला शिकवतोस, असे विचारले. "सर, धावायला तर सगळे शिकवतात," तो म्हणाला, "मी त्यांना चेंडू धरायला शिकवतो. पण मॅट पाहिजे. पाऊस संपायच्या आत कुठून जमेल का?" आम्ही दोघांनी मिळून चौकशी सुरू केली आहे.